सिडनी वाचायची तर पाण्यावरून

सिडनीचा नकाशा पहिल्यांदा हातात आला की माणूस त्यावर पट्टी लावतो, आणि तिथंच फसतो. वॉटसन्स बे आणि मॅनली ही दोन ठिकाणं बंदराच्या तोंडाशी समोरासमोर आहेत. एका बाजूच्या कड्यावर उभं राहिलं की दुसऱ्या बाजूचा कडा स्वच्छ दिसतो. पण गाडीनं जायचं तर आधी उलट्या दिशेला शहरात यायचं, हार्बर ब्रिज ओलांडायचा, मोझमनची टेकडी चढून उतरायची, की पुढं पुन्हा पाणी. तिथला स्पिट ब्रिज उचलता येणारा आहे. ठरलेल्या वेळांना त्याचा मधला भाग वर जातो, खालून शिडाच्या होड्या निवांत जातात आणि वर दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागतात. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तो उचलत नाहीत, एवढीच मेहरबानी. समोर दिसणाऱ्या गावाला जायला अख्ख्या शहराला वळसा पडतो.

म्हणून या शहराची ओळख करून घ्यायची तर रस्त्यांपासून सुरुवात करू नये, पाण्यापासून करावी. प्रवास, हवा, भाडं, कोण कुठं राहतं, यातलं बरंच काही पाण्यानंच ठरवलंय.

हे बंदर म्हणजे बुडालेली दरी. हिमयुग सरलं, समुद्र चढला आणि वालुकाश्मात नदीनं कोरलेल्या दऱ्याखोऱ्यांत खारं पाणी शिरलं. उपदऱ्याही बुडाल्या, त्यांच्या खाड्या झाल्या आणि मधल्या सोंडा पाण्याबाहेर राहिल्या. त्यामुळे तळहात पसरून बोटं फाकवावीत तसा किनारा झालाय. पाण्याचं क्षेत्रफळ जेमतेम ५५ चौरस किलोमीटर, पण किनारा मोजला तर ३१७ किलोमीटर भरतो. दरीच असल्यामुळे कडेलाही पाणी खोल. शिडाची जहाजं अगदी काठाला लागत, आणि १७८८ साली त्याचंच महत्त्व होतं. आर्थर फिलिप ११ जहाजं घेऊन आला तो खरं तर दक्षिणेच्या बॉटनी बेमध्ये. जेम्स कुकनं १७७० मध्ये तीच जागा पाहिली होती. पोर्ट जॅक्सनच्या, म्हणजे याच बंदराच्या, तोंडावरून कुक नुसता पुढं गेला, नाव दिलं पण आत शिरला नाही. फिलिपला बॉटनी बे उथळ वाटला, वारा अंगावर घेणारा वाटला आणि गोडं पाणी अपुरं. तो उत्तरेला आला आणि खोल पाण्याशेजारी गोड्या पाण्याचा ओढा दिसताच २६ जानेवारीला त्यानं तिथं मुक्काम टाकला. गॅडिगल या इथल्या मूळ रहिवाशांची ती जागा, नाव वॉरान. तोच ओढा म्हणजे टँक स्ट्रीम. पाणी साठवायला वालुकाश्मात टाक्या खोदल्या म्हणून हे नाव पडलं. काही दशकांत तो इतका घाण झाला की पिण्याच्या पाण्यासाठी दुसरीकडं पाहावं लागलं. आज तो पिट स्ट्रीटच्या परिसरात जमिनीखालच्या बंद नाल्यातून सर्क्युलर कीकडं वाहतो.

जाता जाता, त्या ‘की’चं स्पेलिंग पाहून ‘क्वे’ म्हणू नका. धक्क्याला इथं ‘की’च म्हणतात.

दुसरा फसवा शब्द ‘सबर्ब’. आपण त्याला उपनगर म्हणतो आणि डोळ्यांपुढं शहराबाहेरची वस्ती येते. इथं मध्यवर्ती भागाला चिकटून असलेली गल्लीही सबर्बच, आणि पन्नास किलोमीटरवरची वसाहतही सबर्बच. ‘सिटी’ म्हटलं की फक्त मधला उंच इमारतींचा पट्टा. सगळ्या सिडनीची मिळून एक महानगरपालिका नाही. तीसेक वेगवेगळ्या कौन्सिल आहेत, आणि कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाचे रंग, पार्किंगचे नियम, झाड तोडायची परवानगी हे सगळं तुमची कौन्सिल कोणती त्यावर ठरतं. पत्त्यात नुसतं ‘सिडनी’ लिहून भागत नाही. सबर्ब आणि चार आकडी पिनकोड लागतोच.

फेरी, ओपल आणि खिशातली दोन कार्डं

शहर पाहायला आलेल्यानं पहिल्या दिवशी बसगाडीची सहल घेऊ नये. सर्क्युलर कीवरून सरकारी फेरी पकडावी. मॅनलीची फेरी ३ नंबरच्या धक्क्यावरून सुटते, पॅरामाट्टा नदीची ५ नंबरवरून. धक्क्यांवर कामं निघतात, तेव्हा फलक पाहून खात्री करा. मॅनली ११ किलोमीटर आहे, साधारण अर्धा तास लागतो. जाताना उजव्या बाजूला बसा. सुटताक्षणी ऑपेरा हाउस उजवीकडं येतं आणि शेवटी बंदराचं तोंडही उजवीकडंच उघडतं. त्या ठिकाणी बाहेरच्या समुद्राच्या लाटा आडव्या येतात आणि बोट डोलू लागते. या मार्गावरच्या मोठ्या फ्रेशवॉटर वर्गाच्या बोटी ७० मीटर लांब, ११०० माणसं नेणाऱ्या आणि दोन्ही टोकांना सारख्या, त्यामुळे मॅनलीला वळायची भानगडच नाही. नव्या लहान बोटी मोठी लाट असली की आधी रद्द होतात. सकाळी वाऱ्याची बातमी ऐकली असेल तर परतीचा बेत बसवर ठेवा, कारण मॅनलीला रेल्वे नाही. संपूर्ण उत्तर किनारपट्टीलाच नाही.

त्याच मार्गावर खाजगी फास्ट फेरीही धावते. तिचं भाडं वेगळं, आणि ओपलची दैनिक मर्यादा तिला लागू होत नाही. घाईत चुकीच्या रांगेत उभे राहणारे रोज भेटतात.

ओपल म्हणजे रेल्वे, बस, ट्राम, मेट्रो, फेरी या सगळ्यांना चालणारं कार्ड. बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवला तरी तेच भाडं लागतं. चढताना टेकवायचं, उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर त्या मार्गाचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. दिवसाची आणि आठवड्याची कमाल मर्यादा असते, तिच्यापुढं कितीही फिरा. शुक्रवार, शनिवार, रविवारी दिवसाची मर्यादा आणखी कमी, म्हणून फेरीचे लांब पल्ले या तीन दिवसांत उरकावेत. इतर दिवशी सकाळी साडेसहा ते दहा आणि दुपारी तीन ते सात ही गर्दीची वेळ, ती टाळली की ३० टक्के कमी. एका वाहनातून दुसऱ्या प्रकारच्या वाहनात ६० मिनिटांच्या आत चढलात तर प्रौढाला २ डॉलर सूट. हे सगळं आपोआप होतं, पण एका अटीवर. दिवसभर तेच कार्ड टेकवायला हवं. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी त्याच खात्याचा फोन टेकवला तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं दिसतात. मर्यादा दोघांच्या वेगळ्या, सूट नाही, आणि मधेच बदललं तर दोन्हींवर अर्धवट प्रवास म्हणून जास्तीत जास्त भाडं. नवख्यांच्या तक्रारींत हीच चूक सर्वांत वरती.

विमानतळावरून रेल्वेनं शहरात येणं सोपं, पण दोन्ही टर्मिनलच्या स्टेशनांवर भाड्याखेरीज वेगळं प्रवेशशुल्क बसतं, आणि ते भाड्याच्या कितीतरी पट असतं. चौघांचं कुटुंब असेल तर टॅक्सी स्वस्त पडते का, हे आधी मोजून पाहा. एकटा, हलकं सामान, वेळ हाताशी, असं असेल तर ४२० नंबरची बस धरून मॅस्कॉट स्टेशनला उतरायचं. पुढच्याच स्टेशनला हे शुल्क नाही.

शनिवार-रविवारी रेल्वेमार्गांवर दुरुस्ती निघते आणि गाड्यांऐवजी बसगाड्या लावतात. मुहूर्त गाठायचा असेल, लग्नाला किंवा पूजेला जायचं असेल, तर आदल्या रात्री ॲपमध्ये मार्ग पाहूनच झोपा. नवी मेट्रो मात्र चालकाविना, वेळापत्रकाविना धावते. २०१९ मध्ये वायव्येच्या टॅलावाँगपासून चॅट्सवूडपर्यंत आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंदराखालून सिडनहॅमपर्यंत पोचली. केलीव्हिल, कॅसल हिल, स्कोफिल्ड्सकडच्या भारतीय वस्तीचा दिनक्रम तिनं बदलून टाकला.

पूल पायी ओलांडायला पैसे पडत नाहीत. कमानीवर चढवणारी सहल महागडी आहे, ती वेगळी. रॉक्स या जुन्या भागात कंबरलँड स्ट्रीटवरच्या जिन्यानं वर जा. पूर्वेची बाजू चालणाऱ्यांची, पश्चिमेची सायकलवाल्यांची. पलीकडं मिल्सन्स पॉइंटला उतरून रेल्वेनं परत. १९३२ साली खुला झालेला हा पूल ११४९ मीटर लांब आहे, कमानीचा गाळा ५०३ मीटर, शिखर पाण्यापासून १३४ मीटर. उन्हानं पोलाद प्रसरण पावलं की कमानीचा माथा काही सेंटिमीटर वर सरकतो, म्हणून तिचे चारही पाय मोठाल्या बिजागरींवर बसवलेत. दोन टोकांचे ते दगडी मनोरे काहीच पेलत नाहीत, नुसते शोभेचे आहेत. गाडीनं पूल ओलांडताना टोल फक्त दक्षिणेकडं येताना लागतो. भाड्याच्या गाडीत टोलशिवाय कंपनीचा वरखर्चही बिलात येतो.

ऑपेरा हाउसबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथं एकच गोष्ट. जवळ जा आणि हात लावा. लांबून पांढरंशुभ्र दिसणारं ते कवच जवळून पांढरं नाहीच. चकचकीत पांढऱ्या आणि मंद सायीच्या रंगाच्या अशा दोन प्रकारच्या दहा लाखांहून जास्त फरश्या आहेत, स्वीडनहून आणलेल्या. सगळ्या चकचकीत असत्या तर उन्हात डोळे दिपले असते. १९७३ साली उद्घाटन झालं, पण आराखडा करणारे यॉर्न उट्झन १९६६ मध्येच काम सोडून गेले होते. पूर्ण झालेली वास्तू त्यांनी कधीच पाहिली नाही.

माल गेला, देखावा उरला

बंदराचं शहर म्हणून कंटेनर आणि क्रेन पाहायला याल तर निराश व्हाल. १९७९ पासून कंटेनरची जहाजं हळूहळू दक्षिणेच्या पोर्ट बॉटनीकडं वळली, म्हणजे फिलिपनं नापसंत केलेल्या त्याच खाडीत. आता तिथं गाळ उपसून हवी तेवढी खोली करता येते, आणि मागं वखारींना सपाट जमीन आहे. ती कडेकपारींच्या पोर्ट जॅक्सनमध्ये कधीच नव्हती. इथं आता नौदलाचा गार्डन आयलंडचा तळ, तेलाचा एखादा धक्का, पर्यटकांची अजस्र जहाजं आणि फेऱ्या. आजच्या बारांगारूतल्या काचेच्या इमारती उभ्या आहेत त्या धक्क्याशेजारच्या रस्त्याला मंदीच्या काळात ‘हंग्री माइल’ म्हणत. हमाल रोज सकाळी एका धक्क्यावरून दुसऱ्यावर कामाच्या आशेनं पायपीट करत. बारांगारू हे नाव कॅमेरेगल जमातीच्या एका करारी बाईचं. ऑपेरा हाउस ज्या सोंडेवर आहे तिला तिच्या नवऱ्याचं, बेनेलाँगचं नाव आहे.

रॉक्सचा दगडी, अरुंद बोळांचा भाग आज जेवणाऱ्यांनी फुललेला असतो. हाँगकाँगहून सुटलेल्या आणि १८९६ ला मुंबईत शिरलेल्या प्लेगच्या साथीनं १९०० च्या जानेवारीत हेच धक्के गाठले. ऑगस्टपर्यंत ३०३ जणांना लागण झाली, १०३ दगावले. सरकारनं धक्के आणि आसपासची घरं ताब्यात घेतली आणि बरीच पाडली. उरलेली १९७० च्या दशकात बिल्डरांच्या हाती जाणार होती, तेव्हा जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखाली बांधकाम कामगारांच्या संघटनेनंच काम करायला नकार दिला. मजुरांनी शहराचा वारसा वाचवला, असं उदाहरण विरळाच.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला हवी. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला गळाला लागलेला कोणताही मासा किंवा चिंबोरी खाऊ नका, परत सोडून द्या. पुलाच्या पूर्वेला पकडलेला मासाही साधारण महिन्याला १५० ग्रॅमपेक्षा जास्त नको, असा सरकारी सल्ला आहे. वरच्या अंगाला होमबुश बेच्या काठावरच्या रासायनिक कारखान्यांतून आलेलं डायॉक्सिन तळच्या गाळात बसलंय. २००६ पासून बंदरातली व्यावसायिक मासेमारीच बंद आहे. बाजारातला मासा बाहेरून येतो, तो खुशाल खा.

कड्यांच्या बाहेर

साउथ हेड आणि नॉर्थ हेड या दोन कड्यांमधून बंदर महासागराला मिळतं. अंधारात ही फट चुकली की काय होतं ते १८५७ च्या ऑगस्टमध्ये ‘डनबार’ जहाजानं दाखवलं. ते कड्यावर आपटलं, १२१ माणसं गेली, एकच वाचला. त्यानंतरच साउथ हेडच्या टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं हॉर्नबी दीपगृह उभं राहिलं.

बाहेरच्या किनाऱ्यांवर पोहायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. हा नियम मोडून बुडालेल्यांत परदेशातून आलेल्यांचं प्रमाण मोठं असतं, आणि कारण समजण्यासारखं आहे. लाटा पाणी किनाऱ्याकडं लोटतात, ते पाणी एखाद्या खोल घळीतून मागं फिरतं. या परतीच्या ओढीला ‘रिप’ म्हणतात. घळ खोल असल्यानं तिथं लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत दिसतं. म्हणजे पोहता न येणाऱ्याला जी जागा सर्वांत सुरक्षित वाटते, नेमकी तीच धोक्याची. बाँडायच्या दक्षिण टोकाच्या रिपला तर ‘बॅकपॅकर्स रिप’ असंच नाव पडलंय. ओढले गेलात तर किनाऱ्याकडं हात मारत बसू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करा, जमल्यास किनाऱ्याला समांतर सरका. झेंड्यांची जागा दिवसभरात बदलते, तेव्हा पाण्यातूनही अधूनमधून त्यांच्याकडं नजर टाका.

उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की निळ्या फुग्यांसारख्या ब्लूबॉटल किनाऱ्याला लागतात. त्यांचा धागा लागला तर तो बोटांनी काढा, समुद्राच्या पाण्यानं धुवा आणि सोसेल एवढ्या कढत पाण्यात २० मिनिटं धरा. व्हिनेगर लावू नका, ते उत्तरेकडच्या दुसऱ्या जेलीफिशसाठी. मोठा पाऊस झाला की गटारांचं पाणी खाड्यांत उतरतं. बंदराच्या आतल्या किनाऱ्यांवर तीन दिवस आणि समुद्रावर एक दिवस पोहणं टाळायचं. फारसं पोहता न येणाऱ्यांनी खडकात बांधलेल्या समुद्राच्या तलावांत जावं. तिथं लाट येते, ओढ नसते.

वारा कुठवर पोचतो

दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा पूर्वेची घरं गार करतो. पश्चिमेला जाईपर्यंत त्याचा जोर मोडतो. पलीकडं ब्लू माउंटन्सची भिंत, मधे खोलगट सपाटी, आणि वायव्येकडून वाळवंटी वारा आला की ती सपाटी भट्टीसारखी तापते. ४ जानेवारी २०२० ला पेनरिथला ४८.९ अंश नोंदले गेले. एकाच दुपारी बाँडाय आणि पेनरिथ यांच्यात दहा अंशांचा फरक पडणं नवलाचं नाही. मग एखाद्या संध्याकाळी दक्षिणेकडून ‘सदर्ली बस्टर’ नावाचा गार, सुसाट वारा येतो. पाऊण तासापूर्वी घामाघूम झालेला माणूस खिडक्या लावायला धावतो. वाळत घातलेले कपडे शेजाऱ्याच्या अंगणात सापडतात.

घर भाड्यानं घेणाऱ्यानं या हवेचा विचार आधी करावा. आणि सूर्याचा. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. दक्षिणेला तोंड असलेल्या बैठकीत हिवाळाभर ऊन येत नाही, भिंतींना बुरशी धरते. पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात छळते. तेव्हा दिशा ठरवताना आपल्याकडचे आडाखे बाजूला ठेवा आणि उत्तरेची बाल्कनी मागा. घरं थंडीसाठी बांधलेली नसतात. जुलैत बाहेर दहा अंश असले तरी घरात हुडहुडी भरते, हे ऐकून कोणी विश्वास ठेवत नाही.

भाडं आठवड्याचं सांगतात. ७०० डॉलर ऐकून चारनं गुणू नका, २८०० येतील आणि महिन्याचं गणित चुकेल. वर्षाचे ५२ आठवडे धरून बारानं भागा, ३०३३ येतात. डिपॉझिट जास्तीत जास्त चार आठवड्यांचं. ते घरमालकाच्या खिशात न जाता राज्य सरकारकडं जमा होतं. आगाऊ भाडं दोन आठवड्यांहून जास्त मागता येत नाही. घराच्या स्थितीचा अहवाल हातात पडला की सात दिवसांत आपली टिपणं घालून परत द्यायचा. प्रत्येक खिळ्याच्या भोकाचा, गालिच्यावरच्या डागाचा, ओव्हनच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. घर सोडताना भांडण याच अहवालावरून होतं, आणि ज्याच्याकडं फोटो त्याचं खरं.

स्टेशनागणिक देश

२०२१ च्या जनगणनेत ५२ लाखांच्या या शहरातले दर दहांतले चारहून जास्त लोक परदेशात जन्मलेले निघाले. त्यांत चीन आणि भारत आघाडीवर. हे सगळं अलीकडचं. १९०१ च्या कायद्यानं गोरेतर माणसाला बंदरावर कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालून नापास करायची सोय ठेवली होती, आणि वर्णावर आधारलेलं धोरण पुरतं संपायला १९७३ उजाडलं.

कोण कुठं वसलं त्याला बहुतेक वेळा साधी कारणं आहेत. कुठं स्वस्त घर, कुठं कारखाना, कुठं निर्वासितांची छावणी. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासितांना व्हिलावूडच्या वसतिगृहांत ठेवलं. बाहेर पडल्यावर त्यांनी जवळच्या कॅब्रामाट्टात दुकानं टाकली. आज तिथं सकाळी सातला फो, म्हणजे त्यांचं नूडलचं सूप, मिळतो आणि हर्ब विकणाऱ्या आज्या पदपथावर जुड्या मांडून बसतात. लेबनॉनच्या यादवीतून आलेले लाकेम्बा-बँक्सटाउन पट्ट्यात स्थिरावले. रमजानात लाकेम्बाच्या हॅल्डन स्ट्रीटवर रात्रभर शेगड्या पेटलेल्या असतात, आणि गेल्या काही वर्षांत तिथं बांगलादेशी खानावळीही झाल्या. तिकडचा रेल्वेमार्ग मेट्रोसाठी सप्टेंबर २०२४ अखेर बंद केला होता, तेव्हा कसं जायचं ते पाहून निघा. लाइकार्टला इटालियन, पीटरशॅमला पोर्तुगीज, ऑबर्नला तुर्की. ईस्टवूडला तर रेल्वेच्या रुळांनीच वाटणी केलीय, एका बाजूला कोरियन, दुसऱ्या बाजूला चिनी. ग्रॅनी स्मिथ हे हिरवं आंबट सफरचंदही याच भागातलं. मारिया अ‍ॅन स्मिथ या आजीबाईंच्या बागेत एकोणिसाव्या शतकात ते उगवलं.

पण एकच जागा बारकाईनं पाहायची तर हॅरिस पार्क. जलद गाड्या तिथं थांबत नाहीत. पॅरामाट्टाला उतरून चालत पंधरा मिनिटं. विग्रॅम स्ट्रीटवर जुनी बसकी घरं, पुढं ओसरी, पत्र्याचं छप्पर, आणि ओसरीवर डोसा, चाट, थाळी. शुक्रवारी रात्री ओळीनं रांगा. २०२३ च्या मे महिन्यात भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत या भागाचं ‘लिटल इंडिया’ असं नाव गाजलं. पण दोन गल्ल्या ओलांडल्या की लेबनॉनच्या मरोनाइट ख्रिश्चनांचं मोठं चर्च आहे, कारण भारतीयांच्या आधी इथं ते होते. त्याहून मागं जायचं तर दोन पावलांवर एलिझाबेथ फार्म, १७९३ चं घर, गोऱ्यांनी बांधलेल्यांपैकी देशात उभं राहिलेलं सर्वांत जुनं. शेजारच्या एक्सपेरिमेंट फार्मची जमीन पुढं ज्या सर्जन जॉन हॅरिसकडं गेली, त्याच्याच नावानं हा सबर्ब ओळखला जातो. आणि या हॅरिसनंच १८०० च्या आसपास भारतातून चितळं आणून आपल्या कुंपणात सोडली होती. भारतीय इथं उशिरा आले. हरणं दोनशे वर्षं आधी आली.

हा पट्टा सुपीक, म्हणून वसाहतवाल्यांना तो पहिल्या वर्षीच गाठावा लागला. सिडनी कोव्हच्या, म्हणजे फिलिपच्या पहिल्या मुक्कामाच्या, रेताड जमिनीत पीक येईना, उपासमारीची वेळ आली, तेव्हा ते नदीनं वर सरकले. आज पॅरामाट्टा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, टुंगाबी, गिरावीन ही जी नावं मराठी कुटुंबांच्या पत्त्यांत सापडतात, ती याच ओळीतली.

तिथून परत येताना रेल्वे टाळा आणि पॅरामाट्टाहून फेरी धरा. रेल्वेला अर्धा तास, फेरीला जवळपास दीड, पण दुपारी चारच्या सुमाराची धरली तर मावळतं ऊन पाठीशी घेऊन पुलाखालून शहरात शिरता. पुन्हा उजव्या बाजूला बसा. वरच्या टप्प्यात नदी इतकी अरुंद की दोन्हीकडची तिवरं हाताला लागतील असं वाटतं. काठ खचू नये म्हणून बोट तिथं रांगत जाते. ओहोटी मोठी असली तर ती पॅरामाट्टापर्यंत येतच नाही, रायडलमिअरला थांबते आणि तिथवर बसनं नेतात. म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ पाहा.

धक्क्यावर दहा मिनिटं लवकर पोचलात तर वरच्या अंगाला शे-दोनशे पावलं चाला. चार्ल्स स्ट्रीटचा बंधारा लागतो. समुद्राची भरती इथवर येते. बंधाऱ्याच्या खाली खारं, वर गोडं. पॅरामाट्टा हे नाव मूळच्या बरामाटागल लोकांवरून आलंय, आणि त्यात वाम मासा आहे. वाम वर्षानुवर्षं वरच्या गोड्या पाण्यात राहते, एके दिवशी बंधारा उतरून बंदरातून बाहेर पडते आणि अंडी घालायला हजारो किलोमीटरवर कोरल समुद्राकडं जाते. ती परत येत नाही. तिची काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागतात, हेड्समधून आत शिरतात, पुलाखालून जातात आणि या बंधाऱ्याशी येऊन थडकतात. त्यांना चढता यावं म्हणून कडेला पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधलीय. पावसाळी संध्याकाळी तिच्या ओल्या दगडावर बारीक, बोटभर, वळवळणाऱ्या रेषा दिसल्या तर त्या त्याच.